तुम्ही विचारलंत म्हणून: शेती शिकायला हॉलंड कशाला?

लग्नाच्या पंगतीत, एसटीत, बँकेत शैक्षणिक कर्जाचा हप्ता भरताना, सगळीकडे हाच प्रश्न. "शेतीच शिकायची होती ना? मग धुळ्याचं कृषी महाविद्यालय काय वाईट होतं? राहुरी होती." त्यामागून हसत हसत दुसरा: "मग आता शेती कधी करणार?"

एकदाच लिहून टाकते. हॉलंडमधल्या वागेनिंगेन विद्यापीठात मी पीक घ्यायला शिकले नाही. आंतरराष्ट्रीय भूमी आणि जल व्यवस्थापन, तीन वर्षांची पदवी. बियाणं, खतं, फवारणी यांतलं मला धुळ्याच्या कुठल्याही अ‍ॅग्रीवाल्यापेक्षा कमीच कळतं, हे आधीच कबूल. पाटाचं पाणी कोणाच्या शब्दावर सुटतं, टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, माणसापर्यंत ते का पोचत नाही, चारी कोणी उकरायची, हे आमचे विषय. "तिकडे पाणी उपसून बाहेर टाकतात, ते टँकरच्या गावाला काय शिकवणार?" हा टोमणाही ऐकलाय. पण त्या उपशावर लक्ष ठेवायला तिथं 21 जलमंडळं आहेत आणि लोक त्यांच्यासाठी वेगळं मतदान करतात. आपल्या पाणी वापर संस्थेची शेवटची निवडणूक कधी झाली, सांगता? असो. यावर मी भांडायला लागते.

खरं कारण वेगळंच होतं. प्रवेशाच्या निबंधात मी लिहिलं होतं, "साक्री तालुक्यातल्या माझ्या गावात पाण्याचं सामूहिक नियोजन कधीच नव्हतं. ते मला उभं करायचंय." अठरा वर्षांची होते. लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश होते.

दुसऱ्या वर्षी आम्ही स्पेनला, व्हॅलेन्सियाला गेलो. तिथल्या मोठ्या चर्चच्या दारात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता पाण्याचं न्यायालय बसतं. काळे डगले घातलेले शेतकरीच न्यायाधीश. एकेका कालव्याचं नाव पुकारायचं, तक्रार असेल तर तोंडीच ऐकायची, तिथंच निकाल. आम्ही गेलो त्या दिवशी एकही तक्रार नव्हती. पाच मिनिटांत सगळे उठले. मी भारावून गेले. रात्री सरांनी वाचायला एक जुना लेख दिला, लोकांनीच चालवलेल्या सिंचनावरचा. त्यात स्पेन होतं, फिलिपिन्स होतं, आणि एक परिच्छेद होता: फड, पांझरा नदी, धुळे जिल्हा.

सर म्हणाले, "तू तिथलीच ना? उद्या तूच सांग."

मला काय सांगता येणार होतं? मी आबांना, माझ्या आजोबांना, फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. फड म्हणजे काय, विचारलं. आबा बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आते कसाले इचारी ऱ्हायनी?"

मग सांगत सुटले. बंधारा, बंधाऱ्याचा पाट, पाटाखाली चार फड. कुठल्या फडात ऊस, कुठल्यात गहू, कुठला पडीक, हे दरवर्षी सगळ्यांनी बसून ठरवायचं. पाणी पाटकरी देणार, शेतमालकाने हात लावायचा नाही. रात्री जागल्या फिरणार. आबा स्वतः सहा वर्षं जागल्या होते. घरात हे मला कोणीच का सांगितलं नाही, असं मी चिडून विचारलं. तेव्हा ते म्हणाले, "तुना बापनीच पहिली मोटार टाकी."

पाटाच्या झिरप्यावर भरणाऱ्या ज्या विहिरीवर ती पाण्याची मोटार बसली, ती आमची. गव्हाच्या फडात एकट्याने ऊस लावणारं घर आमचं. दोन वर्षांत आणखी चार मोटारी बसल्या, मग जागल्याचं धान्य द्यायला कोणी तयार होईना.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फड छान समजावून सांगितला. मोटारीचं सांगितलं नाही.

पप्पांची बाजू घ्यायची तर घेता येते. वर धरण झाल्यावर बंधाऱ्यात पूर्वीसारखं पाणीच राहिलं नव्हतं, आत्याचं लग्न तोंडावर होतं. मी त्यांना एकदाच विचारलं. ते म्हणाले, "मोटार नसती तर तू विमानात बसली असतीस का?" खरंय. बँकेकडे तारण आहे ते विहिरीखालचंच रान. निबंध लिहिणाऱ्या त्या मुलीवर मला राग येतो, पण तिने ते खोटं लिहिलं नसतं तर कदाचित मला कधी आबांना फोन करावासाही वाटला नसता. हे समर्थन आहे की पळवाट, मला अजून कळत नाही.

धुळ्याला शिकले असते तर हे तिथंच, चार कोसांवर कळलं नसतं का? कळलं असतं, बहुधा. तुमचा प्रश्न चुकीचा नाही. मला तो ऐकवत नाही, एवढंच.

या मे महिन्यात आबांना घेऊन बंधाऱ्यावर गेले. पाट गाळाने भरलाय, बाभळी उगवल्यात. आमच्या विहिरीचा पाइप त्याच पाटातून नेलाय, सरळ उतार मिळतो म्हणून. आबा त्यावर काठी टेकून उभे होते. तो पाइप काढा, असं मी अजून पप्पांना म्हटलेलं नाही.