आंद्रोत: एकाच खासदाराच्या सदतीस वर्षांचे बेट

लक्षद्वीपला विधानसभा नाही. ३६ बेटांचा, त्यांतील केवळ १० बेटांवर वस्ती असलेला आणि साऱ्यांची जमीन एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटर भरणारा हा केंद्रशासित प्रदेश लोकसभेत एक खासदार पाठवतो आणि कायदे करणाऱ्या सभागृहातला त्याचा लोकनियुक्त आवाज तेवढाच. १९६७ ते २००४ या काळात तो आवाज एकाच माणसाचा होता. पी. एम. सईद हे त्यांचे नाव आणि आंद्रोत हे त्यांचे गाव. लक्षद्वीपला जाणारे बहुतेक लोक पोवळ्यांसाठी आणि निळ्या पाण्यासाठी जातात. मी कोचीला जहाजात चढलो तो या गावासाठी.

या बेटांवर जायला प्रवेश-परवाना लागतो. माझ्यासाठी आंद्रोतच्या एका परिचित कुटुंबाने खटपट केली, त्यामुळे राहण्याचा प्रश्नही सुटला. कोचीपासून हे बेट सुमारे २९३ किलोमीटरवर, म्हणजे मुख्य भूमीला सर्वांत जवळचे. जवळ असले तरी उतरणे सोपे नाही. इतर बेटांना पोवळ्यांच्या कड्याआड शांत पाण्याचे प्रशस्त लगून असते, ते आंद्रोतला नावापुरतेच आहे. आमचे जहाज किनाऱ्यापासून दूर थांबले आणि पोटातल्या दारापाशी एक यांत्रिक होडी येऊन टेकली. लाट होडीला वर उचलते तेवढा क्षण साधून दोन खलाशी प्रवाशाच्या मनगटांना धरतात आणि त्याला आत ओढून घेतात. माझ्यापुढे एक वृद्ध बाई होत्या, त्यांच्यापाठोपाठ कोंबड्यांचे खुराडे गेले आणि मग माझी पाळी आली. उमेदवार, मतदान कर्मचारी आणि मतपेट्यासुद्धा एकेकाळी अशाच हातोहात उतरवल्या जात असणार. या प्रदेशातील निवडणूक समजून घ्यायला ही होडी पुरेशी आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा केंद्रशासित प्रदेश झाला, पण पहिली दहा वर्षे येथे लोकसभेसाठी मतदानच नव्हते. १९५७ पासून के. नल्लकोया थंगल हे राष्ट्रपतिनियुक्त खासदार होते आणि प्रशासनाचे मुख्यालयही १९६४ पर्यंत कोळिकोडला होते. १९६७ मध्ये प्रथमच थेट निवडणूक झाली आणि तीत अपक्ष सईद निवडून आले. त्यांचा जन्म १० मे १९४१चा, तेव्हा वयाची सव्वीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. त्यांचे शिक्षण मंगळूरच्या शासकीय महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या सिद्धार्थ विधी महाविद्यालयात झाले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे हे महाविद्यालय अनेक मराठी वकिलांच्या घरचेच. तेथे शिकलेला एक तरुण थेट अरबी समुद्रातल्या या बेटांचा पहिला निवडून आलेला खासदार झाला, ही गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही.

पुढच्या १९७१च्या निवडणुकीत तर त्यांच्याविरुद्ध कोणी उभेच राहिले नाही. माझे यजमान निवृत्त शिक्षक. रात्री ओसरीवर टुना माशाचे कालवण आणि भात झाल्यावर ते सईदसाहेबांविषयी मोकळेपणाने बोलू लागले. अगत्ती बेटावर धावपट्टी झाली ती १९८८ मध्ये. त्याआधी मुख्य भूमीशी संबंध होता तो जहाजांचाच आणि पावसाळ्यात तोही महिनोन्महिने तुटत असे. त्यामुळे जहाजातली जागा असो, कोचीच्या इस्पितळात न्यायचा रुग्ण असो की मुलाचा महाविद्यालयातला प्रवेश असो, माणसे खासदाराकडेच जात. पंचायतींचा कायदा १९९४चा, म्हणजे तोवर ग्रामपंचायत सदस्यापासून आमदारापर्यंतची सारी कामे एकाच दारात येऊन पडत. मला यात कौतुकाइतकाच धोकाही दिसतो. जेथे सर्व वाटा एकाच माणसाकडून जातात, तेथे त्याच्याविरुद्ध मत देणे म्हणजे स्वतःची वाट अडवून घेणे, असे लोकांना वाटू लागते. यजमानांना हे माझे म्हणणे फारसे पटले नाही.

दिल्लीत सईद काँग्रेसमध्ये होते. नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात गृह आणि नंतर माहिती व नभोवाणी खात्याचे राज्यमंत्री झाले. मात्र त्यांची खरी ओळख झाली ती लोकसभेच्या उपाध्यक्षपदामुळे. वाजपेयी सरकारच्या काळात, १९९८ मध्ये, विरोधी पक्षाच्या या सदस्याकडे ते पद आले आणि तेराव्या लोकसभेतही टिकले. मार्च २००२ मध्ये अध्यक्ष बालयोगी यांचे हेलिकॉप्टर अपघातात निधन झाले. तेव्हापासून मे महिन्यात मनोहर जोशी अध्यक्ष होईपर्यंत सभागृहाचा कारभार सईद यांनीच पाहिला. त्याच काळात गुजरात दंगलींवरून सभागृह पेटलेले होते. मतदारसंख्येने लोकसभेतल्या सर्वांत छोट्या मतदारसंघाचा खासदार त्या खुर्चीत बसून ते सांभाळत होता.

दुसऱ्या दिवशी यजमानांच्या मुलाबरोबर जामा मशीद पाहिली. बेटांवर इस्लाम आणणारे म्हणून मानले जाणारे संत उबैदुल्ला यांची कबर तेथे आहे. बाहेर नारळाचा काथ्या वळत बसलेल्या दोघांपाशी मी २००४चा विषय काढला आणि दोघांनीही आकडा न चाचरता सांगितला: एकाहत्तर. लागोपाठ दहा निवडणुका जिंकलेले सईद अकराव्या वेळी जनता दल (संयुक्त)चे पी. पुकुन्ही कोया यांच्याकडून एवढ्याच मतांनी हरले. नात्यागोत्याच्या बेटावर ७१ मते म्हणजे दोन-चार मोठ्या तरवाडांचा, मातृवंशीय घराण्यांचा, रुसवा. कोणते घर फिरले यावर त्या दोघांचे अजूनही एकमत नव्हते आणि माझ्यासमोर त्यांचा चांगलाच वाद जुंपला.

पराभवानंतरही मनमोहन सिंग यांनी त्यांना ऊर्जामंत्री केले आणि राज्यसभेवर ते दिल्लीतून गेले. १८ डिसेंबर २००५ रोजी सोल येथे, मंत्रिपदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव हमदुल्ला सईद २००९ मध्ये निवडून आले. मग २०१४ आणि २०१९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या मोहम्मद फैजल यांनी त्यांना हरवले, दुसऱ्या वेळी फरक होता ८२३ मतांचा. बारामतीचे घड्याळ इतक्या दूर चालले याचे मला नवल वाटले, यजमानांना मात्र मुळीच नाही. त्यांच्या मते इथे चिन्ह कुठलेही असो, मत घराला पडते. २०२४ मध्ये हमदुल्ला २,६४७ मतांनी पुन्हा जिंकले आणि हा फरक यजमानांना भरघोस वाटतो.