आमची वाटचाल: हँडलमागची वाटी

सुरुवात घरच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्याच गाडीवर झाली. दाराच्या हँडलमागच्या वाटीत, म्हणजे बोटं घालायच्या खोलगट जागेत, नखांचे, अंगठीचे ओरखडे पडून क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) गेला होता. मी आणि माझ्या भागीदाराने त्यावर बसणाऱ्या क्रोमच्या वाट्या आणून दुहेरी टेपने चिकटवल्या. दिसायला झकास. गिऱ्हाइकं लागली.

त्याच वाट्यांनी आम्हाला बुडवायला काढलं. कडेने पाणी शिरायचं, पाण्याबरोबर बारीक माती. गाडी हादरली की वाटी रंगावर घासायची. पहिली वाटी उचकटली तर खाली थेट प्रायमर, रंगाखालचा थर! रोज कोणीतरी दारात उभं. मी म्हटलं, रंगाचा खर्च आपण द्यायचा. भागीदार म्हणाला, "टेप खराब निघाली, त्यात आपला काय दोष?" तो गेला आणि गिऱ्हाइकांची वहीही घेऊन गेला. आजही त्याच वाट्या विकतो, वर 'ही कल्पना माझीच' म्हणून सांगतो. मी मात्र एकेक दार रंगवून देत बसलो. तो राग अजून गेलेला नाही.

त्या दिवसांत टिकले ते एक टॅक्सीवाले काका. "वाट्या काढून टाक, पण गाडी तुझ्याकडेच येणार," म्हणाले. त्यांच्या मागच्या दाराचं हँडल दोनदा तुटलं होतं. डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) उघडलं तर लॅच, म्हणजे दार अडकवणारी कडी, सुकून घट्ट झालेला. दार उघडेना म्हणून प्रवासी हिसका देणार आणि प्लॅस्टिक पिनेपाशी तुटणार. लॅच साफ करून ग्रीस दिलं, हँडल आणि लॅच जोडणाऱ्या रॉडची झिजलेली क्लिप बदलली. नुसतं हँडल बदलणाऱ्यांना हे कधी कळलंच नाही.

मग क्रोमच्या वाट्या सोडून हँडलमागच्या वाटीत पारदर्शक फिल्म लावायला लागलो, साधारण २०० मायक्रॉनची. साबणाच्या पाण्यावर सरकवायची, मधून कडेकडे पाणी काढायचं, शेवटी कडांना हलकी हीट गन. माझी स्क्वीजी (पाणी काढायची पट्टी) अजून तीच आहे, एक कोपरा पॉलिश पेपरवर घासून वाटीच्या पोटाएवढा गोल केलेला. घरी करणार असाल तर ताज्या रंगावर फिल्म लावू नका, आधी रंग पूर्ण वाळू द्या. आणि पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा फाडू नका, नाहीतर दारातलं पाणी गाडीत येईल.

काकांनी टॅक्सी विकायला काढली तेव्हा फिल्म सोलायला मलाच बोलावलं. खालचा रंग दारासारखाच चमकत होता. काका बराच वेळ वाटीत बोट फिरवत उभे होते.