चार्ट म्हणतो बरोबर, नळी म्हणते नाही

निपाणीजवळच्या एका डेअरीत मी लॅब बघते. तिथली एक दुपारची पाळी अजून डोक्यातून जात नाही.

दूध 72 अंशाला 15 सेकंद ठेवायचं, हे बाहेरच्यांनाही ठाऊक असतं. ते खरंच पाश्चराइज झालं का, हे सांगते फॉस्फटेजची चाचणी. कच्च्या दुधातलं हे एन्झाइम क्षयाच्या जंतूपेक्षा थोडं चिवट. ते मेलं म्हणजे जंतूही मेला. नळीत बफर-सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम जिवंत असेल तर पिवळं पडणारं द्रावण, त्यात एक मिली दूध, 37 अंशाला दोन तास. शेजारी उकळलेल्या दुधाची नळी. दोन्ही पांढऱ्या राहिल्या तर माल सोडायचा.

त्या दुपारी एक नळी पिवळी झाली. फिक्कट, पण पिवळीच. दुसरा नमुना लावला, तोही तसाच.

"मॅडम, चार्ट बघा की ओ, पेन बहात्तरच्या खाली उतरलंच नाही," ऑपरेटरमामा म्हणाले. चार्ट म्हणजे यंत्राचं पेन कागदावर काढत जातं ती तापमानाची रेघ. मामा खोटं बोलत नव्हते. कमी तापलेलं दूध मागे वळवणारा डायव्हर्शन व्हॉल्व्हही चोख होता. पाळीप्रमुखांना गाड्या सोडायची घाई. चार्ट असताना नळीवर विश्वास कशाला, हा त्यांचा सवाल. मला या वृत्तीची चीड येते. तापलेलं दूध ते 15 सेकंद जिच्यातून वाहतं, त्या होल्डिंग ट्यूबच्या टोकाचं तापमान, एवढंच चार्ट सांगतो. पुढे दुधाचं काय होतं, ते त्याला काय माहीत?

पुढे असतं रिजनरेशन. तापून आलेलं दूध आत येणाऱ्या थंड कच्च्या दुधाला ऊब देतं, मधे फक्त स्टीलची पातळ प्लेट. म्हणून पाश्चराइज्ड बाजूचा दाब कायम जास्त हवा. प्लेट फुटलीच तर गळती कच्च्याकडे जावी. आमच्याकडे कच्च्या दुधाचा पंप नुकताच बदलला होता. खरेदीवाल्यांनी ताशी लिटर बघितले, किंमत बघितली. दाब कुणी विचारलाच नाही. दोन्ही बाजूंचे दाबाचे गेज वाचले तर कच्ची बाजू वरचढ.

रात्री प्लेटा उघडल्या. एका अंगाला लाल डाय, दुसऱ्या अंगाला पांढरा डेव्हलपर; चीर असेल तर लाल रंग पांढऱ्यावर झिरपतो. बऱ्याच प्लेटा कोऱ्या निघाल्या. मग एकीवर, शेजारच्या प्लेटीची कड घासते तिथेच, केसाएवढी लाल रेघ उमटली. मामा वाकून बघत राहिले. "एवढ्यानं?" एवढ्यानंच. अर्धा टक्का कच्चं दूध मिसळलं तरी नळी पिवळी पडते.

माल अडवला. पण पाळीच्या सुरुवातीचा नमुना पांढरा होता, आणि मधल्या वेळेत एक गाडी चिकोडीकडे गेली होती. फोन करून पिशव्या परत मागवल्या. सगळ्या आल्या नाहीत. आमच्याकडे घरोघरी दूध वर येईपर्यंत तापवतातच, त्याचाच काय तो आधार. लस्सीवाले, आईस्क्रीमवाले तापवतात का, हे मी विचारत फिरते आहे. दोघांनी हो म्हटलं, एकानं उत्तरच दिलं नाही.

दर तासाला दोन्ही गेज लिहायचा रकाना लॉगबुकात घालून घेतलाय. पंप मात्र अजून तोच आहे, दाब कमी राहावा म्हणून व्हॉल्व्ह दाबून चालवतात.