नाशिक ते लेह पिकअपने: गाडीत कुठलं ऑइल, कुठलं कूलंट आणि का

पिकअप घेऊन लेहला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "इंजिन ऑइल कुठलं टाकलंस?" खरं सांगायचं तर इंजिन ऑइलने वाटेत काहीच कटकट केली नाही. कटकट केली ब्रेक ऑइलने, कूलंटने (रेडिएटरमधलं, इंजिन गार ठेवणारं द्रव) आणि क्राउनमधल्या (इंजिनाची ताकद चाकांकडे वळवणाऱ्या, ॲक्सलवरच्या गिअरपेटीतल्या) ऑइलने. म्हणजे ज्यांचं झाकण गाडी घेतल्यापासून कुणी उघडत नाही, त्यांनी. त्यामुळे इंजिन ऑइलबद्दल लिहीन, पण थोडक्यात.

गाड्या दोन होत्या. माझी बीएस४ (धुराच्या जुन्या नियमांतली), डबल कॅब, फोर बाय फोर. मावसभावाची बीएस६ (नव्या, कडक नियमांतली), टू व्हील, युरियाच्या टाकीवाली. मॉडेल मुद्दाम सांगत नाही, कारण सांगितलं की लोक माझेच ग्रेड जसेच्या तसे उचलतात आणि आपल्या गाडीचं मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकसकट पडून राहतं. वेळ जूनच्या सुरुवातीची. जाताना आग्रा रोडने धुळे, सेंधवा, इंदूर आणि पुढे मनालीवरून लेह. येताना कारगिल, झोजी ला, श्रीनगर. माळव्यात दुपारी पारा पंचेचाळिशीला टेकलेला आणि मनाली-लेह वाटेवरच्या सरचूला रात्री शून्याच्या खाली. एकाच भरलेल्या ऑइलने हे दोन्ही निभवायचं असतं.

निघण्याआधी आमचा मिस्त्री म्हणाला, "भाऊ, जाडच टाकू, घाटात लोड येणारे." हे 'जाड म्हणजे चांगलं' आपल्याकडे फार रुजलंय. १५डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीतल्या स्टार्टचा आणि दुसरा गरम इंजिनातल्या जाडीचा. १५डब्ल्यू साधारण उणे २० अंशांपर्यंत इंजिन फिरू देतं, ५डब्ल्यू उणे ३० पर्यंत. जूनच्या लडाखला १५डब्ल्यू पुरतं. जानेवारीत जाणार असाल तर मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यूची परवानगी आहे का ते बघा. दुसरा आकडा मॅन्युअल सांगेल तोच. मिस्त्रीच्या हौसेखातर ५० टाकू नका.

जाडीपेक्षा महत्त्वाची डब्यावरची बारीक अक्षरं. एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) खुणेत 'सी'ने सुरू होणारे ग्रेड डिझेलचे, 'एस'वाले पेट्रोलचे. माझ्या बीएस४ला सीआय-४ प्लस चालतं. मावसभावाच्या गाडीला ते टाकलं असतं तर महागात गेलं असतं. बीएस६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. त्यात साठलेली काजळी गाडी स्वतः जाळून टाकते, पण ऑइलमधल्या ॲडिटिव्हची राख जळत नाही, ती तिथेच साचत जाते. म्हणून तिथे कमी राखेचं, सीके-४ किंवा एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) सी३ सारखं, जे मॅन्युअलमध्ये छापलंय तेच. एफए-४ लिहिलेला डबा दिसला तर तो सीके-४ चा धाकटा भाऊ समजू नका. ते वेगळं, पातळ ऑइल आहे आणि सगळ्या इंजिनांना चालत नाही. आणि नवं टाकलेलं ऑइल लगेच काळं झालं म्हणून घाबरू नका. डिझेलमध्ये काजळी अंगावर घेणं हे ऑइलचं कामच आहे. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर मात्र घाबरा. डीपीएफ साफ करण्याच्या चक्रात डिझेल ऑइलमध्ये उतरतं, आणि असं पातळ झालेलं ऑइल घेऊन घाट चढायचा नसतो.

झालं इंजिन ऑइल. आता ब्रेक.

लेहच्या आधीची तांगलांग ला ही खिंड, ५,३२८ मीटर. तिथून रुमत्से, उपशीकडे लांबलचक उतार आहे. मावसभाऊ पुढे होता, मागे हौद्यात सामान आणि डिझेलचे कॅन. निम्म्या उतारावर त्याने हात बाहेर काढून गाडी बाजूला घेतली. पेडल पार खाली जात होतं. चाकांजवळ गेलं तर जळका वास. गाडी चार वर्षांची, आणि ब्रेक ऑइल पहिल्या दिवसाचं. पातळी बरोबर होती, रंग तेवढा चहासारखा.

कारण सरळ आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. ब्रेक ऑइलचे ग्रेड 'डॉट'ने लिहितात. डॉट ३ कोरं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा शिरला की १४०. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. डॉट ५.१ चे २६० आणि १८०. यातलं 'ओलं' म्हणजे जेमतेम पावणेचार टक्के पाणी, आणि आपल्या पावसाळ्यात तेवढं शिरायला दोन-तीन वर्षं पुरतात. उतारावर सतत पेडल दाबून ठेवलं की कॅलिपरमधलं (चाकाजवळच्या, डिस्क आवळणाऱ्या भागातलं) ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. पेडल खाली जातं ते त्यामुळे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून उकळणंही जरा लवकर.

आम्ही तासभर थांबलो. चाकांवर पाणी ओतलं नाही. तापलेली डिस्क वाकते. गार झाल्यावर पेडल परत आलं आणि दुसऱ्या गिअरवर उपशी गाठलं. लेहला गॅरेजमध्ये पूर्ण ऑइल बदलून घेतलं. इथे शब्द नीट वापरा: "एअर काढा" म्हटलं तर मिस्त्री थोडं ऑइल सोडून एअर काढेल आणि जुनंच आत राहील. "चारी चाकांना नवं ऑइल येईपर्यंत सोडा" असं सांगा. साधारण एक लिटर लागतं. डबा सीलबंद हवा. गॅरेजच्या फळीवर उघडा पडलेला अर्धा डबा फुकट दिला तरी नको. डॉट ३ लिहिलेल्या गाडीत डॉट ४ चालतं, डॉट ४ च्या गाडीत ५.१ चालतं. पण नुसतं 'डॉट ५' हे सिलिकोनचं, ते या कशातच मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत तर नकोच. बऱ्याच पिकअपमध्ये क्लचलाही हेच ऑइल असतं, तेही त्याच वेळी बदला. झोजी ला उतरताना सोनमर्गच्या बाजूला रस्ता फार तीव्र आहे, तिथे हे काम केल्याचं समाधान वाटलं.

कूलंटचं वेगळंच. दुकानात विचारलं तर उत्तर मिळतं, "हिरवं पाहिजे की लाल?" रंगाला काही नियम नाही. एका कंपनीचं लाल आणि दुसरीचं लाल रसायनाने पूर्ण वेगळं असू शकतं. जुन्या पद्धतीच्या सिलिकेटवाल्यात नवं सेंद्रिय आम्लाचं ओतलं की दोन्हींची गंजरोधक ताकद घटते, कधी गाळही धरतो. आत काय आहे ते माहीत नसेल तर सगळं काढून, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, मॅन्युअलमधल्या प्रकाराचं नवं भरा. बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्याकडचं जड पाणी रेडिएटरमध्ये क्षार धरतं.

प्रमाण निम्मं-निम्मं. त्यात साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. "मग निव्वळ कूलंटच भरतो, जास्त भारी" असं सेंधव्याच्या ढाब्यावर एका ट्रकवाल्याने ऐकवलं. उलट होतं. निव्वळ एथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपास गोठतं आणि उष्णताही पाण्यापेक्षा कमी वाहून नेतं. डब्यावर 'तयार' लिहिलंय की 'कॉन्सन्ट्रेट' ते वाचा. तयार मिळणाऱ्यात आणखी पाणी घालायचं नाही.

आणि रेडिएटरचं झाकण. याबद्दल कुणीच बोलत नाही. तांगलांग लाला उघड्या भांड्यातलं पाणी ८२-८३ अंशांना उकळतं. झाकणातली स्प्रिंग आत दाब धरून ठेवते म्हणून इंजिन तिथेही नव्वदीत आरामात चालतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर नवं कूलंट भरूनही घाटावर उकळणार. झाकण अगदी स्वस्त वस्तू आहे, त्याच दाबाचं नवं घ्या; दाबाचा आकडा झाकणावरच छापलेला असतो. काच धुवायच्या टाकीतलं साधं पाणीही सरचूला गोठतं, तेवढं लक्षात असू द्या.

युरियाची टाकी असेल तर तिच्यात भरायच्या डीईएफचा (धूर साफ करायला सायलेन्सरमध्ये फवारलं जाणारं युरियाचं द्रावण) दहा लिटरचा सीलबंद डबा नाशिकलाच घ्या. मनालीहून लेहच्या वाटेवर टांडीच्या पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही प्रसिद्ध पाटी आहे. डिझेलचं असं, तर डीईएफची काय कथा. या द्रावणात ३२.५ टक्के युरिया असतो, उणे ११ ला ते गोठतं आणि वितळल्यावर परत वापरता येतं. आमच्याकडे शेतकरी माणूस लगेच म्हणतो, "युरियाच ना? गोणी आहे घरी." खताचा युरिया २०१५ पासून कडुलिंबाचं तेल लावलेला येतो. तो पाण्यात विरघळवून टाकीत ओतलात तर इंजेक्टर आणि कॅटॅलिस्ट दोन्हींचा कारभार संपला. डब्यावर आयएसओ २२२४१ बघा, नरसाळं वेगळं ठेवा, आणि डिझेलच्या टाकीत चुकून गेलं तर चावी फिरवू नका, आधी टाकी रिकामी करा.

डिझेलचं थोडक्यात: निघताना फिल्टर बदला, जुन्या सांगाड्यात बसेल असा एक जास्तीचा जवळ ठेवा, फिल्टरच्या खालच्या बोंडातून साचलेलं पाणी सोडत राहा. जूनमध्ये डिझेल गोठत नाही. हिवाळ्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखला उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं डिझेल आणलं आहे, थंडीत जाणाऱ्यांनी वर पोचल्यावर तेच भरावं.

गिअरबॉक्स आणि क्राउनचं ऑइल एकाच डब्यातून भरणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. क्राउनला जीएल-५ ग्रेडचं गिअर ऑइल लागतं, त्यात दाब सोसणारं गंधक-फॉस्फरस जास्त. बऱ्याच मॅन्युअल गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलेलं असतं, कारण आतल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना ते जास्तीचं गंधक झिजवू शकतं. गिअर अडकायला लागतात ते नंतर, तेव्हा कुणाला आठवत नाही आत काय ओतलं होतं. फोर बाय फोरच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) तर पुष्कळदा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ लाल ऑइल असतं. स्टेअरिंगलाही कधी तेच, कधी वेगळं. मागच्या क्राउनमध्ये लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं फिरत राहू नये म्हणूनची सोय) असेल तर त्यासाठीचं ॲडिटिव्ह असलेलं ऑइल घ्या. रॅम्पवर गाडी चढवली की आधी भरायचा बोल्ट सैल करून बघा, मगच खालचा उघडा. वरचा जाम असेल आणि ऑइल सोडून बसलात तर गाडी तिथेच.

आता नाले. झिंगझिंगबारच्या आसपास आणि पुढे व्हिस्की नाल्याला बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहतं. सकाळी घोट्याएवढं, दुपारी उन्हाने बर्फ वितळलं की गुडघ्याच्या वर. त्यामुळे नाले सकाळीच पार करा. पण क्राउनसाठी खोलीपेक्षा वाईट असतो तो तापमानाचा फटका. घाट चढून तापलेलं हाऊसिंग बर्फाच्या पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या छिद्रातून), सीलमधून पाणी आत ओढलं जातं. शक्य असेल तर काठावर दहा-पंधरा मिनिटं थांबून गार होऊ द्या. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बोनेटखाली किंवा हौद्याच्या कडेला उंच नेऊन बांधा. नळी आणि दोन क्लिपा, एवढाच खर्च.

परत आल्यावर आधी क्राउन तपासा. आमच्या दोन्ही गाड्यांचे भरायचे बोल्ट उघडून बोट घातलं. मावसभावाचं ऑइल स्वच्छ निघालं. माझ्या मागच्या क्राउनला नळी जोडलेली होती, तेही ठीक. पुढच्याचा ब्रीदर कंपनीने दिलेला आखूडच होता, तिथलं ऑइल दुधाळ, ताकासारखं. असं दिसलं तर ते सगळं काढा, थोडं स्वस्त ऑइल भरून पाच-दहा किलोमीटर फिरवून तेही सोडा, आणि मग मॅन्युअलप्रमाणे भरा. बेअरिंगला गंज धरायला फार वेळ लागत नाही. जळकं ऑइल डब्यात जमा करून वर्कशॉपला द्या. नुसतं लाकडाला वाळवी लागू नये म्हणून मागायला येणारे शेजारी असतातच, पण हे दुधाळ ऑइल त्यांच्याही कामाचं नाही.