पणवलच्या पुलावरची उधळलेली गाडी

आमच्या रत्नागिरीच्या घरी मागच्या गणपतीला देखावा करायचा ठरला तो कोकण रेल्वेचा. पणवल नदीवरचा पूल प्रत्यक्षात 64 मीटर उंच आहे. आमच्या मॉडेल रेल्वेच्या 1:87 या प्रमाणात तो सुमारे 74 सेंटिमीटरचा झाला असता आणि गणपतीच तळाशी गेला असता, म्हणून मी पुठ्ठ्याचे खांब 20 सेंटिमीटरवरच आटोपले. रुळांची रुंदी 16.5 मिलिमीटर होती. आपल्या ब्रॉडगेजच्या मानाने ती कमी पडते, पण आरतीला येणारा कोणी फूटपट्टी घेऊन येत नाही.

खरी अडचण इंजिनाची होती. रुळांतून इंजिनाला वीज देणाऱ्या कंट्रोलरचा खटका पहिल्याच घरावर नेला की ते उसळी मारून सुटे आणि खटका आणखी पुढे नेला की वळणावर आडवे होई. पुतण्याने विचारले, "काका, ही मांडवी एक्सप्रेस आहे की बुलेट ट्रेन?" उत्तर हिशोबानेच द्यावे म्हणून मी फेरा मोजला, तो बरोबर 4 मीटरचा भरला. या प्रमाणात इंजिनाने सेकंदाला एक मीटर कापला, तर खऱ्या गाडीचा वेग ताशी 313 किलोमीटर होतो. आमचे इंजिन पहिल्या घरावर 9 सेकंदांत फेरा मारत होते, म्हणजे ताशी सुमारे 139. व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावला तेव्हा कारण कळले: त्या स्वस्त कंट्रोलरमधून पहिल्याच घरावर साडेपाच व्होल्ट बाहेर पडत होते. त्याहून कमी देण्याची सोयच त्यात नव्हती.

सुरुवातीला मी विजेला अडवणारा 10 ओहमचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर वायरीत घातला आणि त्यात एक संध्याकाळ फुकट गेली. रेझिस्टर किती व्होल्ट खाणार हे त्यातून वाहणाऱ्या करंटवर ठरते. उभे इंजिन सुटताना मोटर सर्वांत जास्त करंट ओढते, म्हणून नेमक्या त्याच वेळी तिला व्होल्ट कमी मिळत. मी खटका वाढवी. मग गाडी एकदाची सुटे, करंट उतरे, आणि ती पुन्हा पहिल्यासारखीच पळे. चढावर अडखळणे आणि उतारावर उधळणे, असा तो प्रकार होता.

डायोडचे तसे नसते. सिलिकॉनचा डायोड करंट थोडा असो वा जास्त, साधारण 0.7 व्होल्टच खातो. पण तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो आणि आमची गाडी मागेही न्यायची होती. यावर युक्ती अशी की टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळणारा चार डायोडांचा तयार ब्रिज रेक्टिफायर घ्यायचा, त्याचे अधिक आणि उणे हे दोन पाय एकमेकांना डाग देऊन जोडायचे आणि रुळाकडे जाणारी एक वायर तोडून तिची दोन टोके उरलेल्या दोन पायांना लावायची. मग वीज कुठल्याही दिशेने गेली तरी वाटेत दोन डायोड लागतात आणि 1.4 व्होल्ट कमी होतात. असा पहिला ब्रिज रेक्टिफायर लावल्यावर फेरा 14 सेकंदांवर आला. दुसरा लावल्यावर मात्र गाडी पहिल्या घरावर पुलाच्या तोंडाशी थांबू लागली.

मी आधी डागाला दोष दिला, पण दोष रुळांचा होता. वेगात असताना इंजिन रुळावरचा मळ सहज ओलांडून जाते. हळू चालले की तोच मळ त्याला अडवतो, आणि भाद्रपदातल्या दमट हवेत धूप-उदबत्तीचा धूर रोज त्यात भर घालत होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या फडक्याने रूळ पुसले तेव्हा फडके काजळ लागावे तसे काळे झाले. गिअरमधले घट्ट झालेले ग्रीस काढून तेलाचा एक थेंब सोडला. त्यानंतर दोन ब्रिज आणि पहिले घर एवढ्यावर फेरा 30 सेकंदांचा झाला, म्हणजे ताशी जेमतेम 42.

अतिवृष्टीत कोकण रेल्वेवर गाड्या ताशी 40 ने चालवतात. ऋषिपंचमीला बाहेर धो धो पाऊस पडत होता आणि आई देखाव्यासमोर बसून म्हणाली, "आता कशी पावसाळी वेळापत्रकाची गाडी वाटते!" पुतण्याला मात्र खटका पुढे सरकवायचाच होता, म्हणून दुसऱ्या घराच्या पुढे मी एक स्क्रू पिळून ठेवला.