पाठीमागे मंडाले

पाहुणे आले की रत्नागिरीकराचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी भगवती किल्ला आणि दीपगृह, दुपारी मासे किंवा मोदक (ज्याच्या त्याच्या घरच्या रिवाजाप्रमाणे), चारला ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा आणि उन्हं उतरली की थिबा पॉईंट.

खाली काजळी नदी समुद्राला मिळते ती भाट्याची खाडी. तिच्यावरचा लांब पूल, अलीकडे राजीवड्याच्या होड्या, पलीकडे वाळूमागे सुरूचं बन. संध्याकाळी होडी दिसायच्या आधी तिच्या इंजिनाचा टकटक आवाज टेकडी चढून वर येतो. मग कुठे पुलाखालून एक काळा ठिपका सरकताना दिसतो. लोक मात्र तेव्हा कठड्याला टेकून फोटो काढत असतात, म्हणजे ज्यासाठी एवढं आलो त्याच्याकडेच पाठ!

"थिबा राजा इथे येऊन सूर्यास्त बघायचा," हे वाक्य आम्ही प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. परवा भाचीलाही ऐकवलं. तिने समुद्राकडे बोट केलं. "मामा, त्याचं राज्य तिकडे होतं?"

"नाही गं, तिकडे," म्हणत मी मागे हात केला. राजवाड्याच्या, सह्याद्रीच्याही पलीकडे.

"मग तो उलटीकडे तोंड करून का बसायचा?"

इतकी वर्षं ते वाक्य घोकतोय, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. घराची आठवण काढायला पश्चिम ही अगदी चुकीची दिशा. शिवाय समुद्राशी थिबाचं नातं ते काय? १८२६ आणि १८५२ अशा दोन लढायांत इंग्रजांनी ब्रह्मदेशाची सगळी किनारपट्टी घेतली होती. थिबा जन्मला १८५९ साली आणि गादीवर बसला १८७८ मध्ये, तोवर मंडालेच्या राज्याला समुद्र उरलाच नव्हता. १८८५ च्या नोव्हेंबरात तेही राज्य गेलं. इंग्रजांनी त्याला इरावतीतून बोटीने खाली आणलं, आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. ज्याला किनाराच नव्हता, त्याला उरलेल्या आयुष्यभराचा समुद्र दिला.

इंग्रजांचा हिशोब पक्का होता. दिल्लीच्या बहादूरशहाला त्यांनी रंगूनला धाडलं होतंच, आता ब्रह्मदेशाचा राजा कोकणात. रत्नागिरी तेव्हा सोयीची होती ती गैरसोयीमुळे. पावसाळ्यात आगबोटी बंद, मग मुंबईला जायचं तर घाटवाटांनी फिरून. रेल्वे यायला १९९० चं दशक उजाडलं. आमचे आजे-पणजे ज्याबद्दल कुरकुरत, तेच सरकारला हवं होतं.

राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. जांभा दगड, बर्मी सागवान, उतरती छपरं, खिडक्यांना रंगीत काचा. सगळा थाट खरा, पण पाहुणे राजवाडा बघून "कैद असावी तर अशी" म्हणतात तेव्हा मी चिडतो. त्याआधीची चोवीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या बंगल्यांत काढली होती. स्वतःच्या वाड्यात मिळाली जेमतेम सहा. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच गेला. राणी सुपायलत १९१९ मध्ये रंगूनला परतली, पण राजाला नेण्याची परवानगी काही मिळाली नाही. थोरली राजकन्या पुढे पुन्हा रत्नागिरीलाच आली. तिची मुलगी इथेच वाढली आणि मराठीच बोलायची. ब्रह्मदेशाच्या राजाची नात! आमच्या गावाला या गोष्टीचं फारसं नवल कधी वाटलं नाही, हा आमचा गुण की दोष कुणास ठाऊक.

समाधी शिवाजीनगरात, घरांच्या दाटीत आहे. पाहुण्यांच्या यादीत ती कधीच नसते. २०१२ साली म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन आले, तेव्हा मात्र ते तिथे आवर्जून गेले.

भाचीला तिथे जायचंच होतं. म्हटलं, पुढच्या खेपेला आधी समाधी, मग पॉईंट. बायकोचं मत वेगळं: पोरीला आधी भेळ खाऊ दे, गाडीवाला निघायच्या बेतात आहे.