गिलावा काढताना

जुन्या भिंतीवर बोटाने टकटक केलं. खालच्या अर्ध्या भागात बद्द आवाज. म्हणजे गिलाव्याने वीट सोडलेली. छिन्नी तिथूनच लावायची. पण आधी मेन स्विच बंद, कारण वायर कुठून गेलीय हे ती भिंतच जाणे.

पहिल्या दिवशी तोंडाला नुसता रुमाल बांधून भिडलो आणि रात्रभर खोकत बसलो. बारीक धूळ रुमालाला जुमानत नाही, एन-९५ मास्कच हवा. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं खरवडणं नकोच. आता पाण्याचा फवारा मारून भिंत ओली करतो, छिन्नी तिरकी धरतो. गॉगल आहेच. राडारोड्याची पोती मात्र अर्धीच भरतो. एकदा गच्च भरलेलं उचललं आणि दोन दिवस कंबर धरून बसलो होतो.